एकशिंग्या

आमच्या गावात शिस्त आली ती प्रभाकररावच्या शिट्टीवर बसून आली.

रोहण्याच्या पल्याड आमचं गाव. तसं निवांत. पण हा बावा पीटी मास्तर म्हणून रिटायर झाला, अन् गळ्यातली शिट्टी काही उतरली नाई. नळ आला की एक शिट्टी, कचरागाडी आली की दोन. आमचे हे एक दिवस म्हणाले, "नलू, आता शिट्टी वाजल्याशिवाय मले जांभईही येणार नाई." मी म्हणलं, "तुम्हाले जांभईशिवाय दुसरं येते काय?"

माहं माहेर अन् सासर एकाच गावात, मधात फक्त एक बोळ. त्यामुळं प्रभाकररावले मी तो चड्डीत होता तेव्हापासून ओळखते. लोकायसमोर प्रभाकरराव म्हणते. राग आला की प्रभ्या.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडे तान्हा पोळा भरते. पहिला दिवस खऱ्या बैलायचा, दुसरा लेकरायच्या लाकडी बैलायचा. चाकं लावलेला बैल तोरणाखाली उभा करायचा, मंग दोरीनं ओढत घरोघर न्यायचा. लोकं ताटात काही ना काही टाकतात, त्याले बोजारा म्हणतात. माह्या लहानपणी पोट्टीले कोणी बैल देत नव्हतं. माह्या बाबानं देल्ला. सागाच्या ठोकळ्यातून स्वतः कोरला. पोट जरा जास्तच सुटलेलं, डोळे तिरपे, पण काय रुबाब होता त्याचा! भर तोरणाखाली प्रभ्या म्हणाला, "पोट्टीचा कुठं पोळा असते काय?" मी तोच बैल उचलला अन् त्याच्या कपाळावर हाणला. बैलाचं शिंग तुटलं, प्रभ्याच्या कपाळाले खोक पडली, अन् मार आम्हा दोघायलेही बसला. शिंग काही सापडलं नाई. बैलाचं नाव तेव्हापासून एकशिंग्या. अन् प्रभ्या तेव्हापासून टोपी घालते.

आता तो बैल माही नात अंकिता दरवर्षी फिरवते.

औंदा मात्र प्रभाकरराव पोळा समितीचा अध्यक्ष झाला. लगेच गावाच्या व्हॉट्सॲपवर हुकूम आला: "एक गाव, एक बैल." आर्वीहून परीक्षक येणार म्हणून समितीनं नागपूरहून सगळ्या लेकरायसाठी फायबरचे बैल मागवले. पांढरेशुभ्र, एका साच्यातले, डोळे सरळ. ज्यानं जुना बैल जमा केला त्यालेच नवा भेटणार, अन् नवा असल त्यालेच रांगेत जागा. जुने सारे पंचायतीच्या गोदामात कुलूपबंद. अन् पुढं? पुढं होळीत जाळणार!

मी तडक त्याच्या घरी गेली. बावा ओट्यावर बसून लेकरायच्या टोप्यायले इस्त्री करून राह्यला होता. टोप्याही एकसारख्याच.

"प्रभाकरराव, माहा बैल जळणार नाई."

"नलू, एक बैल वाकडा असला की सारी रांग वाकडी दिसते."

"मंग रांगेकडे पाहू नको. बैलाकडे पाह्य."

"परीक्षक रांगच पाहते."

"तुले राग बैलाचा आहे की कपाळाचा?"

त्यानं टोपी खाली ओढली अन् शिट्टी वाजवली. माह्या तोंडावर! जसं काही मी कचरागाडीच होय.

घरी आली अन् एकशिंग्याले तुरीच्या कोठीत लपवला. अंकिता हात धुवून माह्या मागं लागली. "आजी, सारे रांगेत राहतील, मीच नाई राहणार." मी म्हणलं, "नको राहू. तुह्या आजीचं काय अडलं रांगेवाचून?" ती जेवलीच नाई. दुसऱ्या दिवशी मी वावरातून आली तं कोठीचं झाकण बाजूले पडलेलं, अन् अंगणात एक पांढरा बैल उभा.

काय सांगू माय, एवढा राग आला! अन् रागापेक्षा रडू जास्त. बाबाच्या हातचं तेवढंच राह्यलं होतं माह्याजवळ, तेही आता जाळाले जाणार. पण पोट्टीवर हात उचलवला नाई. तिचं तरी काय चुकलं? रांगेत उभं राहावं असं कोणाले नाई वाटत?

संध्याकाळी पाहते तं पोट्टी त्या बैलाच्या कानात बोलून राह्यली. नाव ठेवलं बर्फी. शेजारच्या मेघाच्या बैलाचं नाव ट्रॅक्टर, अन् खुद्द प्रभाकररावच्या नातवानं, रजतनं, आपल्याचं नाव ठेवलं टायगर. तो तं टायगरले उशाशी घेऊन झोपला म्हणे. फायबरचा असो नाई तं सोन्याचा, लेकराले लळा लागाले वेळ लागत नाई.

तान्ह्या पोळ्याच्या दिवशी शाळेच्या मैदानावर रांग लागली. एकसारखे बैल, एकसारख्या टोप्या. शिट्टी वाजली की लेकरं मागं, शिट्टी वाजली की पुढं. परीक्षक म्हणून आर्वीच्या एका बँकेतले धम्मदीप सर आले. भला माणूस. रांगेच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेले, चष्मा पुसला, परत आले.

"रांग मस्त आहे," ते म्हणाले. "पण पहिला नंबर काढू कसा? याले देल्ला तं त्यानं काय घोडं मारलं?"

प्रभाकररावनं हा विचारच केला नव्हता. "सर, तुम्ही विचार करा, तोवर अल्पोपहार," म्हणाला, अन् लांब शिट्टी मारली. लेकरं बैल तिथंच टाकून चिवड्यावर तुटून पडली. त्या धावपळीत रांग झाली वाकडी. अन् प्रभाकररावच्यानं वाकडी रांग पाहवते काय? त्यानं दोरी ताणली, अन् इकडचा बैल तिकडे, तिकडचा इकडे करत रांग अशी सरळ केली की विचारू नका.

मंग परत यायची शिट्टी झाली, अन् मैदानावर जो कालवा सुरू झाला!

"हा माहा ट्रॅक्टर!"

"नाई, ट्रॅक्टर तो! हा माहा होय!"

अंकिता एकेका बैलाच्या कानात "बर्फी, बर्फी" म्हणत फिरली. बर्फी कायची ओ देते? पोट्टी मटकन खाली बसली अन् तिनं भोकाडच पसरलं. तिचं पाहून सारी लेकरं रडाले लागली. प्रभाकररावनं एक शिट्टी मारली, दोन मारल्या, गाल फुगवून फुगवून मारल्या. रडण्यात शिट्टी कोण ऐकते?

सगळ्यात मोठ्यानं रजत रडत होता. "आजोबा, माहा टायगर कुठं गेला?"

"अरे, सारे सारखेच आहेत बेटा. कोणताही घे."

रजतनं नाक पुसलं. म्हणाला, "मंग तुम्ही बी कोणताही पोट्टा घेऊन जा घरी. टोप्या तं साऱ्यायच्या सारख्याच आहेत."

प्रभाकररावच्या तोंडातून शिट्टी गळून पडली. त्यानं नातवाकडे पाह्यलं, मंग त्या टोप्यायकडे पाह्यलं. मंग गळ्यातली दोरी काढून माह्या हातात देल्ली. शिट्टी अन् गोदामाची चाबी त्याच एका दोरीले होती.

कुलूप काढलं तसा लेकरायचा लोंढा आत घुसला. अंधार होता, बैलायचा ढिगारा होता, पण एकानंही "माहा कोणता" म्हणून विचारलं नाई. कोणी तुटकं चाक ओळखलं, कोणी पोपडे आलेला रंग. रजत तं आपला जुना बैल शेपटी धरूनच ओढत बाहेर आला. अन् माही पोट्टी एकशिंग्याले छातीशी धरून आली, रडता रडता हसत.

"आजी, हा तं डोळे मिटूनही भेटला असता मले," ती म्हणाली.

मी पदरानं एकशिंग्यावरची धूळ पुसत राह्यली. बोलली असती तं मीही भोकाड पसरलं असतं.

धम्मदीप सर परत त्या रंगीबेरंगी वाकड्यातिकड्या रांगेतून फिरले अन् म्हणाले, "आता तं आणखीच कठीण झालं." शेवटी साऱ्यायलेच पहिला नंबर देल्ला अन् उरलेला चिवडा खाल्ला.

मंग आम्ही बोजारा मागाले निघालो. प्रभाकररावच्या दारात अंकितानं एकशिंग्या उभा केला. बावा बाहेर आला तो बिनटोपीचा. कपाळावर त्या खोकेचा वण अजून तसाच होता. परत आत गेला, अन् येऊन त्यानं अंकिताच्या ताटात एक लाकडाचा तुकडा ठेवला.

ते शिंग होतं. बाबाच्या हातचं.

"त्या दिवशी मीच उचललं होतं," तो खाली पाहत म्हणाला. "मंग द्यायचं राहूनच गेलं."

माह्या डोळ्यात टचकन पाणी आलं. अंकितानं विचारलं, "आजी, चिटकवू काय?"

"नको वो पोरी. मंग याले एकशिंग्या कोण म्हणील?" मी शिंग पदराच्या गाठीत बांधलं अन् वळली.

"नलू," मागून आवाज आला. प्रभ्याचा हात सवयीनं गळ्याकडे गेला होता. "शिट्टी राह्यली तुह्याजवळ."

"जमा झाली," मी म्हणलं. "होळीले पाहू."