अकराव्या पायाचा जोड

थोरलीने सकाळीच जाहीर करून टाकलं होतं : चूक आपल्या सोल्डरिंगची निघाली, तर गन कायमची खाली ठेवायची. पंचवीस वर्षं हाताने जोड दिले. आता डोळेच दगा देत असतील तर उगाच अडून कशाला बसायचं? बोलली मात्र ठसक्यात.

बोर्डाचे आराखडे आणि प्रोग्राम हे धाकट्या बहिणीचं काम. अंडी उबवायच्या यंत्रासाठी तिने आखलेला हा बोर्ड सुरू केला की क्षणात भरकटायचा. चार दिवसांत तिने तीन प्रोसेसर बदलले. तिन्ही बिचारे निर्दोष. चोर सोडून संन्याशाला फाशी, दुसरं काय!

"मेमरी तपासलीस ना?" थोरलीने विचारलं.

"दहा वेळा. चाचणीचा प्रोग्राम मेमरीबद्दल एकही तक्रार करत नाही गं."

"करत नाही, की करायच्या आधीच मरतो?"

धाकटीने चाचणीचा प्रोग्राम पुन्हा पडद्यावर उघडला. हातातलं काम सोडून दुसऱ्या कामाला जाताना परत कुठे यायचं, हे प्रोसेसर मेमरीत लिहून ठेवतो. त्या नोंदींच्या चवडीला स्टॅक म्हणतात. एवढं थोरलीलाही ऐकून ऐकून पाठ झालं होतं.

"मग तुझी चाचणी ते कुठे लिहून ठेवते?"

"मेमरीतच."

"ह्याच?"

धाकटीने कपाळावर हात मारला. "ताई, जिच्यावर संशय, तिच्याच भरवशावर चाचणी चालवत होते मी!"

मग तिने स्टॅकला हातही न लावणारा, नाकासमोर चालणारा छोटासा प्रोग्राम लिहिला. लगेच उलगडा झाला. मेमरीच्या एका घरात लिहिलेला आकडा भलत्याच घरात उमटत होता. म्हणजे पत्ता पोचवणारी एखादी तार तुटलेली. थोरलीने तार सलग असली की वाजणारं मीटर लावलं. दहा तारांवर ते वाजलं, अकरावीवर मुकं. भिंगातून पाहिलं तर मेमरीच्या चिपचा पाय आणि सोल्डर यांच्यात केसाएवढी फट.

जोड कच्चा होता, आणि तो तिनेच दिलेला होता. थोरलीने गन स्टँडवर ठेवली. तिला फार वाईट वाटलं.

"ठरलं होतं," ती म्हणाली.

"कुणाचं? मी चांगले प्रोसेसर उपटत बसले, मग मीही आराखडे सोडू?"

"तू कशाला सोडशील? एकदा चुकलीस, आता शिकलीस."

"आणि मला शिकवलं कुणी? चारशे जोडांत एक कच्चा निघाला, ताई. घे ती गन. यंत्रवाले वाट बघतायत."

थोरलीला हसू आवरेना. तिने गन उचलली, जोड पुन्हा दिला. बोर्ड सुरू झाला. प्रोग्राम जात होता आणि मुकाट्याने परत येत होता. हिरवा दिवा एका लयीत लुकलुकू लागला.

"चल, जेवून घेऊ," धाकटी म्हणाली.

थोरलीने भिंग पुढे ओढलं. "तू हो पुढे. मी उरलेले तीनशे नव्व्याण्णव बघूनच उठते."