कंसातली आई

“लेम्युएल दाराकडे जातो. आई काहीच बोलत नाही,” नाटकातल्या कंसातल्या सूचना वाचायला उभे असलेले मिस्टर ब्रॉडनॅक्स म्हणाले, आणि तिसऱ्या रांगेतून आवाज आला, “बोलले होते की.”

लोक हसले. सेंट लुईसच्या त्या वाचनालयात आपल्या काळ्या लोकांनी लिहिलेली, अजून रंगमंच न पाहिलेली नाटकं दर महिन्याला वाचली जात. नट संहिता हातात धरून खुर्च्यांवर बसत, आणि ऐकणारे गप्प बसतील तर शपथ. रविवारी चर्चमध्ये पाद्रीबाबांच्या वाक्यावाक्याला ‘खरंय, बाबा’ म्हणायची सवय, ती इथे बरी सुटेल? त्यामुळे कुणाला काही वावगं वाटलं नाही.

रेनिटाने मात्र चमकून तिसऱ्या रांगेकडे पाहिलं. नाटक तिचं होतं आणि मध्येच बोलणारी बाई तिची सख्खी आई होती.

रेनिटा गॅडिसचं आयुष्य इस्पितळाच्या धुलाईखान्यात चादरींच्या घड्या घालण्यात गेलं. ती लहान असताना बापाने भांडून थोरल्या भावाला घराबाहेर काढलं. अंथरुणात तिला दार आपटल्याचा आवाज तेवढा आला, आईचा नाही. भाऊ पुन्हा दिसला नाही. आईने त्याला का जाऊ दिलं, हे आईला विचारायची छाती तिला कधी झाली नाही, म्हणून तिने लेम्युएलचं हे नाटक लिहिलं. घ्या, तोंडावर विचारवत नाही आणि चारचौघांत वाचून घेववतं.

वाचन संपल्यावर चर्चा सुरू झाली. तिथला दंडकच होता, लोकांनी बोलायचं आणि लिहिणाऱ्याने तोंड उघडायचं नाही. एकाला बाप भडक वाटला, एकाला शेवट लांबलेला. मग ब्रॉडनॅक्स रेनिटाच्या आईकडे वळले. थोरल्या बायकांना, लग्न झालेलं असलं तरी, तिथे आदराने ‘मिस’च म्हणत.

“मिस अर्लीन, मघाशी तुम्ही काहीतरी म्हणालात.”

“म्हणाले. ती बाई मुकी दाखवलीय. मी मुकी नव्हते.”

“सांगा, मिस अर्लीन, सांगा,” मागून कुणीतरी म्हणालं.

“मी नवऱ्याला म्हटलं, पोरगा गेला तर मीही चालले. कोट चढवला, पर्स उचलली. या लेखिकाबाई तेव्हा ढाराढूर झोपल्या होत्या.”

पुन्हा हशा झाला. शेजारच्या टोपीवाल्या म्हातारीने विचारलं, “मग गेली का नाहीस गं?”

मिस अर्लीनने मांडीवरचा रुमाल नीट केला. लेकीकडे काही तिने पाहिलं नाही.

“हिला ताप होता. अंग नुसतं भाजत होतं, आणि बाहेर हे एवढं बर्फ. हिला नेता येईना, टाकून जाता येईना. पोरगाच म्हणाला, ममा, तू राहा. मग काढला कोट.”

या वेळी कुणी हसलं नाही, कुणी ‘खरंय’ही म्हणालं नाही.

“बोल, पोरी,” ब्रॉडनॅक्स म्हणाले. “आज राहू दे तो नियम.”

रेनिटाने इतकी वर्षं मनातल्या मनात आईला गुन्हेगार ठरवलं, आणि आईचे पाय धरून ठेवले होते ते आपणच. तिला लाज वाटली आणि आईविषयी माया दाटून आली. दोन्ही एकदमच. ती उठली, आईची भूमिका वाचणाऱ्या कॉर्लिसच्या हातातली संहिता घेतली, कंसातली ओळ खोडली आणि वर ‘पोरगा गेला तर मीही चालले’ हे आईचं वाक्य लिहिलं.

कॉर्लिसने ते वाचलं.

“मिस अर्लीन, हे कसं म्हणू? ओरडून?”

“छे गं. हळू म्हण. लेकरू झोपलं होतं ना.”

कॉर्लिस उभी राहिली आणि तिने ते वाक्य हळू म्हटलं. शेवटच्या रांगेपर्यंत ते पोचलंच नाही, पण ‘मोठ्याने’ म्हणून कुणी सांगितलं नाही.