नवतप्यातल्या गारा

"या कुलरची हवा कमी अन् छिट्टे जास्त," शेजारची बेबीताई मथुराबाईच्या कानाशी कुरकुरली. "माहं अर्धं लुगडं ओलं झालं. थोडा तिकडं फिरवा ना वो."

मथुराबाईनं कुलर फिरवला नाही. कुलरचं तोंड रिकाम्या खाटेकडे होतं. त्या खाटेवर तिचा मुलगा पिंटू येऊन बसणार होता, आणि तो बसला की पहिला झोत त्याच्याच अंगावर पडला पाहिजे, एवढी एकच तयारी तिनं सकाळपासून केली होती. कुलरला वाळ्याच्या नव्या ताट्या लावल्या होत्या, टाकीत बर्फाची लादी सोडली होती आणि माठाजवळ कैरीचं पन्हं झाकून ठेवलं होतं. एखाद्या देवाला कोपू नको म्हणून नैवेद्य दाखवतात, तसंच सगळं.

नवतपा लागला होता. रोहिणी नक्षत्रातले हे नऊ दिवस दारव्ह्याची माणसं दात आवळून काढतात. खिशात कांदा, डोक्याला दुपट्टा, आणि कोणी कोणावर खेकसलं तर "ऊन लागलं असन" म्हणून माफी. पिंटूला ही माफी इतरांपेक्षा जरा जास्तच मिळायची. बसस्टँडमागे त्याचं पंपाच्या मोटारी रिवाइंड करायचं दुकान होतं. वर टिन, तिन्ही बाजूंनी टिन आणि मधे पिंटू. चौतिशीचा झाला तरी सगळे त्याला पिंटूच म्हणत. त्यामुळे त्यानं काही केलं की ते पोरानं केल्यासारखं वाटे.

गेल्या आठवड्यात त्यानं बायकोच्या, रुपालीच्या, मनगटावर पान्हा मारला. जेवणात वांगी होती म्हणून. आवाज ऐकून अर्धी गल्ली धावली. बेबीताईनं त्याच्या तळपायांना कांदा चोळला, कोणी डोक्यावर ओला पंचा ठेवला, कोणी पन्हं पाजलं. वारा लागावा म्हणून गर्दी मागे सारली गेली. रुपाली त्या गर्दीच्याही मागे, ओट्यावर, एका हातात दुसरा हात धरून बसली होती. अंधार पडल्यावर गॅसवरून कुकर उतरवून द्या म्हणून तिनं हाक मारली, तेव्हा लोकांच्या ध्यानात आलं की हात भलत्याच जागी वाकतोय.

आज त्याच हाताची बैठक होती. रुपालीचे वडील मारोतराव सकाळच्या बसनं आर्णीहून आले होते. सोबत धाकटी मुलगी प्रेरणा होती. ती मास्तरकीच्या परीक्षेची तयारी करत होती आणि हल्ली तिच्या बोलण्यात भूगोल फार यायचा. रुपालीला आज माहेरी न्यायचं की इथंच ठेवायचं, एवढं ठरायचं होतं. रुपाली सैपाकघराच्या दारात प्लास्टरचा हात मांडीवर घेऊन बसली होती. कोणी तिला काही विचारत नव्हतं.

"ऊनच आहे यंदा तसं," मारोतराव म्हणाले. "आमच्याकडं कोंबड्या मरून राह्यल्या."

"तेच तं म्हणतो मी, इवाई," मथुराबाई व्याह्यांना म्हणाली. "कोंबडी मरते, तं माणसाचं डोकं नाही फिरणार? मनानं वाईट नाही पिंटू. एक पाणी पडू द्या, पाहा कसा गार होते."

मारोतरावांनी मान हलवली. समजूत पटायला ते घरूनच तयार होऊन आले होते. धाकटीसाठी राळेगावचं एक स्थळ आलं होतं, आणि मोठी घरी येऊन बसली की पाहुणे आधी तिच्याबद्दल विचारतात, हे त्यांना ठाऊक होतं.

"बाबा," प्रेरणा म्हणाली, "आज ऊन आहे, ही झाली हवा. ती रोज बदलते. गावाचं हवामान कसं आहे ते एका दिवसावरून नाही सांगता येत. लय वर्षांचं पाहा लागते, सगळ्या ऋतूंचं."

"इथं हाताची गोठ चालू आहे," बेबीताई म्हणाली, "अन् ही पोट्टी पेपर लिहून राह्यली."

"हाताचीच गोठ करून राह्यली मी, मावशी. ताई दिवाळीले काहून नाही आली आमच्याकडं?"

"थंडी बाधली होती तिले," मथुराबाई म्हणाली.

"अन् पोळ्याले?"

"चिखलात पाय घसरला. पावसाचे दिवस, बाप्पा, अंगणात शेवाळ."

"डोळ्याले पट्टी होती म्हणे. पाय घसरला तं डोळ्याले काहून?"

"प्रेरणा," मारोतराव म्हणाले, "मले पाणी आण."

प्रेरणा पाणी आणायला उठली. दारात रुपालीला ओलांडताना ती क्षणभर थांबली. रुपालीनं पाय आखडून तिला वाट दिली.

मग पिंटू आला. इतका गोड आला की बेबीताईनं सुटकेचा श्वास सगळ्यांना ऐकू जाईल असा सोडला. त्यानं सासऱ्याच्या पाया पडून घेतलं, कुलरपुढे बसला, पन्हं घटाघट प्यायला.

"चुकलं बाबा माहं," तो म्हणाला. "दुकानात टिन तापते. माणूस माणसात राहत नाही. तुम्ही दोन थापडा मारा मले."

"नाही नाही, जवाईबापू," मारोतराव ओशाळून म्हणाले.

झालं. जवळजवळ ठरलंच. पाऊस लागेपर्यंत रुपालीनं इथंच राहावं, मग पाहू. बेबीताईनं तर दिवस जायच्या आधीच पावसाळ्यानंतरचं ओटीभरणही काढलं. रुपालीच्या चेहऱ्यावर काही हललं नाही. तिनं फक्त प्लास्टरमधून बाहेर आलेली सुजलेली बोटं एकदा मोजल्यासारखी हलवून पाहिली.

आणि लाइट गेली.

कुलर कण्हत थांबला. मथुराबाई हातपंखा घेऊन धावली आणि पोराला वारा घालू लागली. त्या कोंदट खोलीत सगळ्यांचे डोळे पिंटूच्या कपाळावर होते. तिथं घाम किती येतो, त्यावर सगळ्यांचं पुढचं ठरायचं होतं. बाहेर भर दुपारी अंधारून आलं. अंगणातलं कडुलिंबाचं झाड आधी अगदी गप्प झालं, मग एकाएकी मुळापासून हादरलं. समोरच्या गोठ्याचं टिन उखडलं, खांबावर आपटलं, तारेत अडकून किंचाळत राहिलं. मातीचा लोट घरात शिरला आणि मागोमाग गारा आल्या. आधी टणटण, मग दगडफेक झाल्यासारखा एकसलग मार. छपराचे कवेलू फुटून आत पडू लागले. गल्लीतली एक बकरी ओरडत ओट्याकडे पळाली, पायरीवरच तिच्या डोक्यात गार बसली आणि ती तिथंच बसकण मारून राहिली. लिंबाची मोठी फांदी तुटली ती बेबीताईच्या भिंतीवर. "माही भित," एवढंच बेबीताई म्हणाली, पण त्या आवाजात तिचं तिलाही ऐकू आलं नाही.

आणि गारठा आला. दारातून, खिडकीतून, फुटलेल्या कवेलूंमधून. अर्ध्या घटकेपूर्वी पदरानं वारा घेणाऱ्या बाया आता तोच पदर अंगाभोवती ओढून बसल्या. मारोतरावांच्या हातांवर शहारे आले.

"ढगातली थंड हवा जड होऊन खाली कोसळते," प्रेरणा कोणी न विचारता म्हणाली. ती घाबरली की बोलत सुटायची. "म्हून एकदम इतकं गार होते."

"पाहा, इवाई," मथुराबाई म्हणाली. पंखा तिच्या हातात थांबला होता. "पडलं पाणी. झालं गार. मी म्हणलं होतं ना."

पिंटू हसला. खरंच बरं वाटत होतं त्याला. त्यानं शर्टाची वरची गुंडी लावून घेतली.

गारा थांबल्या तेव्हा अंगण पांढरं होतं. लिंबाखाली बगळे पडले होते, माना मुरगळलेल्या, पंख चिखलात. रुपाली उठली, त्यांच्यामधून वाट काढत गेली आणि डाव्या हातानं मूठभर गारा उचलल्या. त्या तिनं सुजलेल्या बोटांवर दाबून धरल्या. आठवड्यात पहिल्यांदा तिचा चेहरा सैल झाला. परत सैपाकघराच्या दारात येऊन ती म्हणाली, "बाबा, स्टँडवर आर्णीची जीप लागली असन. मी येऊन राह्यली तुमच्यासंग."

"काय म्हणली?" पिंटूनं विचारलं. आवाज शांत होता.

"बाबासंग जाऊन राह्यली म्हणलं."

तो उठला. घाई केली नाही. गारव्यात माणूस जसा आळोखेपिळोखे देत उठतो तसा उठला. तिच्याजवळ गेला, प्लास्टरचा हात कोपराजवळ धरला आणि दाराच्या चौकटीवर आपटला. एकदा. प्लास्टर तडकलं. रुपाली ओरडायला तोंड उघडत होती तोवर दुसऱ्यांदा. पांढरा भुगा तिच्या लुगड्यावर पडला आणि तिच्या मुठीतल्या गारा फरशीवर गडगडत गेल्या. प्रेरणानं मागून त्याची कॉलर धरून ओढली, तर त्यानं न वळताच कोपर मारलं. ती कुलरच्या पत्र्याच्या कोपऱ्यावर जाऊन पडली आणि तिची भुवई फाटली. रक्त डोळ्यात उतरलं तरी ती पुन्हा उठून आली आणि त्याच्या दंडाला चावली. त्यानं तिला झटकलं आणि रुपालीच्या पोटात लाथ मारली, मग तोंडावर. ती चौकटीखाली आडवी झाल्यावर अजून एक, पाठीत.

मारोतराव उभे राहिले होते. त्यांचे दोन्ही हात पुढे झाले होते, पण पाय हलत नव्हते.

पिंटू खाटेवर येऊन बसला. त्याच्या कपाळावर घामाचा एक थेंब नव्हता. त्यानं हात चोळले.

"चहा ठेवा कोणी," तो म्हणाला. "लय गारठलं."

फुटलेल्या कवेलूंमधून पाणी ठिबकत होतं. रुपाली कुशीवर वळून कण्हत होती. प्रेरणा तिचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती, तिच्या स्वतःच्या भुवईतलं रक्त बहिणीच्या केसांत पडत होतं. माणसं एकमेकांकडे न बघता बोलायचं काही शोधत होती. बेबीताईलाच आधी सापडलं.

"हवा अशी एकदम पालटली की," ती म्हणाली, "माणसाचं डोकं ठिकाणावर राहत नाही. सर्द-गरम होते."

मारोतरावांनी दाराबाहेर, आभाळाकडे पाहिलं. "नवतपा सरला की," ते म्हणाले, आणि पुढचं त्यांना जमेना. मग पुन्हा म्हणाले, "नवतपा सरू द्या. मंग येतो मी."

"बाबा," प्रेरणा म्हणाली.

मथुराबाई चहा ठेवायला उठली होती. सैपाकघरात जायला तिला रुपालीला ओलांडावं लागणार होतं. ती चौकटीशी आली, खाली पाहिलं, पातेलं हातात घेऊन तशीच उभी राहिली. पिंटूनं विचारलं, "काय झालं माय? ठेव ना." तरी ती उभीच. मग तिनं पातेलं जमिनीवर ठेवलं आणि गुडघे धरत सुनेजवळ खाली बसली.

"आजच घेऊन जा पोरीले, मारोतराव," ती म्हणाली. आवाज मोठा नव्हता, पण गारांनंतरच्या त्या शांततेत गल्लीपर्यंत गेला. "ऊन-बीन काही लागत नाही त्याले. तो हिवाळ्यात भी मारते. पावसाळ्यात भी मारते. मले भी मारते."