नऊ जणी आणि एक खुर्ची

साहेब एका कचेरीत हेडक्लार्क होते. कचेरीत त्यांना साहेब कुणी म्हणत नसे, ते नाव घरातच चालायचं. "दिवसभर घरात असतेस, करतेस तरी काय?" हे त्यांचं आवडतं वाक्य. बायकोने चौदा वर्षं तोंडाने उत्तर दिलं. पालथ्या घड्यावर पाणी. मग वाचनालयाने 'माझं घर' असं फोटोंचं प्रदर्शन जाहीर केलं आणि तिने ठरवलं, आता उत्तर भिंतीवर टांगायचं.

एकच खोली, एकाच फोटोत ती दहा वेळा. दहा वेगळे फोटो काढायचे आणि कॉम्प्युटरवर एकात जोडायचे. वहीत तिने खोलीचा नकाशा काढला. मोरीशी भांडी घासणारी, शिडीवर चढून पंखा पुसणारी, इस्त्री करणारी, सासूबाईंचे केस विंचरणारी, अशा नऊ. दहावी खुर्चीत, पाय वर घेऊन, काहीही न करणारी. वहीत सगळ्यात आधी तिने हीच काढली होती.

रविवारी तिने ट्रायपॉडच्या पायांभोवती फरशीवर चिकटपट्टी लावली. कॅमेरा केसभर हलला तर सगळं मुसळ केरात. उजेडही एकसारखा हवा, म्हणजे दहा ते अकरा, खिडकीतून ऊन येतं तेवढाच वेळ. बटण दाबायचं आणि दहा सेकंदांत धावत जागेवर जायचं. पहिल्याच फोटोसाठी ती शिडीवर चढत होती तेवढ्यात साहेब पेपर घेऊन आले आणि खुर्चीत पाय वर घेऊन बसले.

"अहो, जरा उठता का? त्या खुर्चीत माझा फोटो आहे."

"एवढं पान झालं की उठतो."

चार फोटो झाले. "झालं का पान?"

"अगं, तू काढ ना बाकीचे. मी कुठे हलतोय?"

आणि खरंच हलले नाहीत. अकरा वाजले, ऊन गेलं.

पुढचे दोन दिवस ती कॉम्प्युटरवर स्वतःला कापत होती. केसांच्या बटा, झाडूच्या काड्या, इस्त्रीची वायर. नऊ वेळा कापून नऊ वेळा चिकटवली. साहेबांना मात्र कापावंच लागलं नाही. नऊही फोटोंत ते तस्सेच, पेपराचं पानसुद्धा तेच.

मोठा करून आणलेला फोटो पाहून साहेबांचा चेहरा उतरला. "वाचनालयाच्या कमिटीत माझे मित्र आहेत. मला काढ यातून."

"काढायचं तर रिकामी खुर्ची लागेल. ती एकाही फोटोत नाही."

सासूबाई चष्मा पुसून वाकल्या. "पाय तरी खाली सोडायचे होतेस रे."

"आई, तू गप्प बस." साहेब आवाज मऊ करून म्हणाले, "हे बघ, शेवटची तारीख परवा आहे. उद्या दहाला मी उठतो. तू बस खुर्चीत. तुझंही तेच ठरलं होतं ना?"

ठरलं होतंच. क्षणभर तिला मोह झाला. त्या एका बाईसाठी तर तिने सगळा घाट घातला होता.

"नको," ती म्हणाली.

"का? नुसता हट्ट."

"हट्टच. शिडीवर मी खरंच चढले, भांडी मी खरंच घासली, म्हणून तिथे मला चिकटवली. त्या खुर्चीत मी कधी बसलेच नाही. तिथे मला बसवलं तर लोक म्हणतील, बाई सुखात आहे."

"आणि माझी अब्रू?"

"तुम्ही आपणहून बसलात. मी नाही बसवलं."

सासूबाईंनी फोटो गुंडाळायला स्वतःची चादर पुढे केली. तिने फोटो गुंडाळला, काखेत मारला आणि वाचनालयात जायला चपला घातल्या.

"अगं, जेवायची वेळ झाली," साहेब म्हणाले.

"कॉम्प्युटर चालू आहे. नऊ जणी आहेत त्यात. एखादी रिकामी दिसली तर सांगा तिला."

दार तिने उघडंच टाकलं.