आक्काची कवळी

"हा साचा कधीचा आहे, डॉक्टरीणबाई?" फोन कान आणि खांद्याच्या मध्ये दाबून धरत कवळीवाल्यानं विचारलं. हातातला प्लास्टरचा जबडा तो उजेडाकडे फिरवून बघत होता.

"असेल चारेक महिन्यांचा. पेशंट बाहेरगावी गेला होता. त्यात काय एवढं?"

"एवढंच, की मी यावर काम करणार नाही. दात गेले की हिरड्या झिजतात, आत आत बसत जातात. चार महिन्यांपूर्वीच्या तोंडाची कवळी आजच्या तोंडात कशी बसेल? माणसाला बोलवून घ्या आणि नवीन माप पाठवा."

"तुम्ही फार हट्टी आहात हं."

"त्या हट्टावरच तीस वर्षं काढलीत."

फोन ठेवून त्यानं तो साचा 'परत' लिहिलेल्या खोक्यात टाकला. वह्या-पेन्सिलींच्या दुकानावर दोन खोल्या, खिडकीपाशी लांब टेबल, टेबलावर मेण, कोरण्या, दातांचे डबे. इथंच त्याची उमेदीची वर्षं गेली होती. दंतवैद्य लोकांच्या तोंडाची मापं पाठवायचे, तो त्यात प्लास्टर ओतून साचा काढायचा, साच्यावर मेण लावून एकेक दात बसवायचा आणि शेवटी मेणाच्या जागी गुलाबी प्लास्टिक भरून कवळी उकळत्या पाण्यात शिजवायचा. ती तोंडं त्याला कधी दिसायची नाहीत. पण रस्त्यात एखादे आजोबा खळखळून हसले की हा चेहऱ्याकडे बघायच्या आधी वरच्या दातांकडे बघायचा आणि मनात म्हणायचा, हे आपलेच.

कामाला कधी अंत नव्हता. कुणाच्या मुलीचं लग्न, कुणाचं भाषण, कुणाची परदेशवारी. दात सगळ्यांना उद्याच हवे असायचे, आणि याला नाही म्हणता यायचं नाही.

फळीच्या कोपऱ्यात मात्र एक साचा तीन वर्षं बसून होता. त्यावर पेन्सिलीनं 'आक्का' असं लिहिलेलं होतं. आक्का त्याची थोरली बहीण. तिचे उरलेसुरले दात काढले, हिरड्या भरून आल्या, तेव्हा यानं स्वतः जाऊन तिचं माप घेतलं होतं आणि पंधरा दिवसांत कवळी देतो म्हणाला होता. मग एक घाईचं काम आलं, त्याच्यामागून दुसरं. दर महिन्याला साफसफाई करताना तो त्या साच्यावरची धूळ तेवढी मनापासून झटकायचा. आक्काला फोनवर म्हणायचा, "या महिन्यात नक्की," आणि आक्का म्हणायची, "अरे, आधी लोकांचं कर. मला कुठं मिरवायचंय?" हे ऐकलं की त्याला बरं वाटायचं. खरं तर तेव्हाच वाईट वाटायला हवं होतं.

त्या गुरुवारी दुपारी आक्काचाच फोन आला. ती कामाच्या वेळेत कधी फोन करत नसे.

"छोट्या, एक काम करशील?" चोपन्न वर्षांच्या माणसाला छोट्या म्हणणारं जगात आता एवढंच माणूस उरलं होतं. "आमच्या एक्स्चेंजमधल्या मैत्रिणी रविवारी चार वाजता जमतायत. सगळ्या जणी. तू जरा त्यातल्या एकीला कळव, मला ताप आहे म्हणून."

"ताप आहे तुला?"

"नाही रे. पण असं जायचं म्हणजे... नको."

"मग तूच सांग ना तिला फोन करून."

"माझा आवाज कसा येतो हल्ली फोनवर, तुला माहितीये. निम्मे शब्द हवेतच जातात. त्यांनी तो ऐकायला नको."

त्यानं नंबर लिहून घेतला आणि फोन ठेवला. पुढच्या कामाचा साचा हातात घेतला, पण हात चालेना.

आक्का टेलिफोन ऑपरेटर होती. आई गेली तेव्हा तो सहा वर्षांचा होता आणि आक्का चौदाची. एकोणिसाव्या वर्षी तिला कारखान्याच्या एक्स्चेंजमध्ये नोकरी लागली. "थांबा हं, जोडून देते," हे तीन-चार शब्द ती अशा आवाजात म्हणायची, की पलीकडचा रागावलेला साहेबसुद्धा निमूट थांबायचा. आणि तिचं हसणं! ती हसली की सगळी खोली हसायची, कशाला हसतोय ते माहीत नसलं तरी. पुढच्या दोन दातांत बारीकशी फट होती. त्यातून हसताना हलकी शीळ निघायची, आणि त्या शिट्टीनं तिला स्वतःलाच आणखी हसू यायचं.

दुपारच्या जेवणाला तिला अर्धा तास सुट्टी असे. घर आठ मिनिटांच्या वाटेवर. म्हणजे जाण्यायेण्याची सोळा मिनिटं गेली की उरायची चौदा. त्या चौदा मिनिटांसाठी ती रोज घरी यायची. स्वतः उभ्या उभ्या दोन घास खायची आणि त्याच्या शेजारी बसून विचारायची, "बोल, आज काय झालं शाळेत?" तो बोलायचा आणि ती ऐकायची. तिनं एकदाही घड्याळाकडे बघितलेलं त्याला आठवत नव्हतं. बघत असणारच, नाहीतर पाच वर्षांत एकदा तरी उशीर झाला असता. पण तिनं त्याला ते कळू दिलं नव्हतं.

आणि त्याला तीन वर्षांत दोन दिवस सापडले नव्हते. त्याला स्वतःची अशी लाज वाटली, की कान गरम झाले.

त्यानं मैत्रिणीला फोन केलाच नाही. त्याऐवजी तीन दंतवैद्यांना केला. कामं सोमवारनंतर मिळतील, असं सांगितलं. डॉक्टरीणबाईंना तर ते खरंच वाटेना.

"घरी काही झालंय का?"

"अजून नाही," तो म्हणाला. "म्हणूनच सुट्टी घेतोय."

शुक्रवारी सकाळी त्यानं आक्काचा साचा खाली उतरवला. बायकोला जुना फोटो शोधून द्यायला सांगितलं होतं. एक्स्चेंजच्या स्विचबोर्डापुढे बसलेली बावीस वर्षांची आक्का, मान मागे टाकून हसतेय. फोटो त्यानं खिडकीला टेकवून ठेवला. लोकांना कवळीत सरळ, एकसारखे, पांढरेशुभ्र दात हवे असतात. यानं मात्र डब्यातून किंचित पिवळसर दात निवडले. डावीकडचा एक शेजाऱ्याच्या अंगावर जरा चढवला, कारण फोटोत तसा होता. आणि पुढच्या दोघांत फट ठेवली. ती फट त्यानं चारदा मोडून बसवली. एकदा फार रुंद झाली, एकदा नुसतीच बनावट वाटली. चौथ्यांदा बसवल्यावर तो स्वतःशीच हसला. असं निवांत काम करून किती वर्षं झाली होती कोण जाणे. शनिवारी संध्याकाळी कवळी चकचकीत करून त्यानं पाण्याच्या डबीत ठेवली, आणि आयुष्यात एक तरी गोष्ट वेळेवर केल्यासारखं त्याला वाटलं.

रविवारी दोन बस बदलून तो आक्काकडे पोचला. काम बंद असलं तरी माप-प्लास्टरच्या सामानाची पिशवी सवयीनं खांद्याला होतीच.

"तू सांगितलंस ना तिला तापाचं?" दार उघडता उघडता आक्कानं विचारलं. बोलताना हात तोंडावर.

"आधी बस इथं. तोंड उघड."

त्यानं वरची कवळी बसवली, मग खालची. आक्कानं ओठ मिटले आणि वरची कवळी अलगद खाली आली. त्यानं पुन्हा दाबून बसवली. पुन्हा आली. खालची तर जिभेवर होडीसारखी डुलत होती.

"काही बोलून बघ."

"थांबा हं, जोडून दे..." आक्का म्हणाली, आणि दोन्ही कवळ्या एकमेकींवर खटकन आपटल्या.

कवळीवाल्यानं तिच्या हिरडीवरून अंगठा फिरवला आणि त्याचा चेहरा पडला. साच्यात जिथं उंचवटा होता, तिथं आता काही नव्हतं. चार महिन्यांचा साचा डॉक्टरांच्या तोंडावर परत मारणाऱ्या या माणसानं तीन वर्षांच्या साच्यावर दोन दिवस मान मोडून काम केलं होतं. त्याच्या मनातही आलं नव्हतं. आक्का म्हणजे आक्का, तिचं काय बदलायचंय, असंच तो धरून चालला होता.

"चूक झाली, आक्का. मी जुन्या मापावर केली. तू..." त्यानं पुन्हा तिच्या हिरडीला बोट लावलं. "तू तेवढी राहिली नाहीस."

आक्कानं कवळ्या काढून तळहातावर घेतल्या. चष्मा लावून त्या खिडकीपाशी नेल्या. बराच वेळ ती त्या वळवून वळवून बघत होती. मग तिनं पुढच्या दोन दातांमधल्या फटीवर नख ठेवलं.

"हे तू मुद्दाम केलंस?"

"फोटो बघून केलं. पण फोटो नसता तरी आलं असतं."

"हा वाकडासुद्धा." ती खाली बसली. "मला वाटलं होतं, हे आता माझं मलाच आठवतं."

तिच्या डोळ्यांत पाणी आलं. त्याच्याही. दोघांनी ते एकमेकांपासून लपवलं नाही.

"काही चिकटवून चालणार नाही का? आजच्यापुरतं?" थोड्या वेळानं तिनं विचारलं.

"बसेल. पण बोललीस की हलेल, आणि हसलीस की पडेल."

"मग काय उपयोग. त्या हसवल्याशिवाय सोडतायत थोड्याच."

"आक्का, मी तापाचं सांगितलंच नाही. फोनच केला नाही मी."

तो आता बोलणी खायच्या तयारीत होता.

"म्हणजे त्या माझी वाट बघत बसणार," ती म्हणाली. घड्याळात अडीच वाजले होते. "नवीन माप घ्यायला किती वेळ लागतो?"

"पाच मिनिटं. पण कवळी व्हायला..."

"ती होऊ दे सावकाश. माप आज घे. मग मला तयार व्हायचंय."

त्यानं वाटीत पावडर कालवली, मऊ लगदा ट्रेमध्ये भरला आणि ट्रे तिच्या तोंडात बसवला. लगदा घट्ट होईपर्यंत तो धरून ठेवावा लागतो, हलला की माप बिघडतं. एका हाताची बोटं तिच्या तोंडात, दुसरा हात हनुवटीखाली, चेहरा वीतभर अंतरावर. तिच्या पापण्या पांढऱ्या झाल्या होत्या. भुवईजवळ एक तीळ होता, तो कधी आला ते त्याला माहीत नव्हतं. पिशवीत फोन वाजायला लागला. आक्कानं डोळ्यांनी तिकडे खूण केली. तो म्हणाला, "हलू नकोस." फोन वाजून वाजून थांबला.

तिनं चूळ भरली, कपडे बदलले, केस विंचरले. आरशासमोर एकदा तोंड उघडून बघितलं आणि मिटलं. कवळ्या तिनं रुमालात गुंडाळून पर्समध्ये टाकल्या.

"त्या कशाला नेतेस?"

"दाखवायला. तोंडात नसल्या म्हणून काय झालं, दात माझेच आहेत ना?"

"थांब, मी येतो सोडायला."

"हे काय, असंच टाकून?" तिनं टेबलावरच्या मापाकडे बोट दाखवलं.

तिचं बरोबर होतं. माप उघडं राहिलं की आकसायला लागतं, त्यात लगेच प्लास्टर ओतावं लागतं. "मग जरा थांब."

"तू तुझं कर. मला रस्ता माहितीये," आक्का म्हणाली आणि चपला घालून जिना उतरली. खाली फाटकापाशी कुणी तरी तिला काही विचारलं. तिचं उत्तर त्याला नीट कळलं नाही, पण आवाज मोठा होता.

त्यानं प्लास्टर ओतलं, वाटी धुतली. घर शांत होतं. प्लास्टर आळायला लागलं की गरम होतं. हजारो साचे त्याच्या हातून गेले होते, पण प्रत्येक वेळी ओतलं की बाजूला ठेवायचं आणि पुढचं काम ओढायचं, हीच रीत. आज पुढचं काम नव्हतं. त्यानं साचा उचलून दोन्ही हातांत घेतला. आधी कोमट लागला, मग चांगला ऊन झाला. तो निवेपर्यंत कवळीवाला तसाच बसून राहिला.