एका दिवसाचं पाळणाघर

बदकाची लाल चोच प्लास्टिकला आतून टोचत होती... रबरी पिवळं बदक, पोटाखाली दुकानाची चिठ्ठी, पिशवीचं तोंड पिनेने पक्कं केलेलं. वर्षाराणीने ते दाबलं. ते ओरडलं नाही, आतल्या आत फुस्सकन हवा सोडून चपटं झालं आणि परत फुगलं. तिने पुन्हा दाबलं, मग आणखी जोरात — आणि मग तिच्या लक्षात आलं की आपण बदक दाबत नाही, कुणाचा तरी गळा दाबतोय. आणि हे लक्षात आल्यावरही तिने हात लगेच सैल केला नाही.

"प्लास्टिक फाडू नकोस हं वर्षा," संयोगितावहिनींनी सकाळीच बजावलं होतं. "सांच्याला परत द्यायचंय सगळं. दुकानदार घरातलाच हाय, म्हणून दिलंय त्यानं एक दिवस."

वहिनी म्हणजे मालक विजयसिंह यांची बायको, आणि कारखाना म्हणजे कबनूरच्या रस्त्यावरची ही पत्र्याची लांब शेड, जिच्यात सत्तर-ऐंशी बायका दिवसभर शर्टांच्या कॉलरी आणि बाह्या शिवतात. शेडच्या टोकाला ही खोली. गेल्या आठवड्यापर्यंत इथे कापडाचे तागे होते. आता भिंतीला निळा रंग होता, ताजा, डोकं उठवणारा, आणि ट्रॅक्टरच्या ट्रॉल्यांच्या मागे वाघ-गरुड काढणाऱ्या पेंटरने त्यावर एक ससा काढला होता. सवयीने त्याने सशालाही पिळदार मिशा दिल्या होत्या. दोन पाळणे होते, एक वहिनींच्या माळ्यावरचा, एक कुठून तरी मागून आणलेला. गल्लीतली चार पोरं बिस्किटांच्या पुड्यांवर गोळा केली होती. "रोज येतो म्हणायचं" एवढं त्यांना शिकवून झालं होतं, आणि त्यातलं एक राहून राहून विचारत होतं, वाढदिवस कुणाचा हाय? दुपारी कामगार खात्याच्या बाई तपासणीला येणार होत्या. त्या पाहून गेल्या की ससा सोडून बाकी सगळं जिथल्या तिथे परत जाणार होतं.

आणि पाळणाघराची बाई म्हणून वर्षाराणीला बसवलं होतं. मालकांनी सगळ्यांदेखत सांगितलं होतं, "वर्षाराणीच बरी. गप ऱ्हाणारी बाई हाय."

गप राहणारी... हो, राहिले गप. पाच वर्षं राहिले. तुम्हाला वाटलं असेल की विसरली, जिरवलं तिने. मी जिरवलं नाही मालक, मी जपून ठेवलं. लोणच्याच्या बरणीला फडकं बांधतात तसं तोंड बांधून ठेवलं, आणि आज ते सोडायचा दिवस आहे.

कायदा काही आजचा नव्हता. पन्नास किंवा त्याहून जास्त माणसं कामाला असली की पाळणाघर पाहिजे, आणि आईला दिवसातून चार वेळा लेकराजवळ जाता आलं पाहिजे, हे तिची लेक तेजस्वी जन्मली तेव्हाही कागदावर होतंच; नवा कायदा आला त्यातही ते आहे म्हणे. दिल्लीहून मुंबईला आलं असेल, मुंबईहून कोल्हापूरला आलं असेल, फक्त या शेडचा उंबरा तेवढा त्याला ओलांडता आला नव्हता. गल्लीत अंगणवाडी होती, पण ती तीन वर्षांच्या पोरांना घेणार आणि दुपारी सोडणार. कारखाना आठ ते सहा, आणि तेजस्वी पावणेदोन वर्षांची. सासू नणंदेच्या बाळंतपणाला शिरोळला गेलेली. तेव्हा इथे माग होते आणि वर्षाराणी मागाच्या कांड्यांवर सूत भरायच्या मशीनवर होती. सुताच्या गुंत्याचा ढीग होता कोपऱ्यात, मऊ, त्यावर तिने पोरीला निजवलं... चार दिवस निजवलं, काही झालं नाही. पाचव्या दिवशी पोरगी उठली, आणि आईला हाक न मारता — का नाही मारली? मारली असेल, त्या आवाजात ऐकू कुठलं येणार — दुडदुडत मशीनच्या पट्ट्यापर्यंत गेली.

डाव्या हाताची करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट.

त्यानंतरचं सगळं तिला तुकड्यांनी आठवतं. मालक ओरडत आले, "पोरगी कशाला आणलीस गं कारखान्यात?" हेच पहिलं वाक्य. मग वहिनींची गाडी. गाडीचं दार उघडून वहिनी थांबल्या, आत वाकल्या, आणि आधी सीटवर पेपर पसरला, नीट, कोपऱ्यापर्यंत, मगच म्हणाल्या, बस. तो पेपर! पोरीच्या किंकाळ्या विरल्या, दवाखान्याचा वास विरला, पण पेपर पसरतानाचा तो खसखस आवाज अजून कानात आहे. आणि दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, काय झालं, तेव्हा वहिनी तिच्या आधी बोलल्या: "घरी दाराच्या फटीत सापडली हो बोटं." वर्षाराणी गप्प बसली होती. दवाखान्याचा खर्च ते करत होते, पोरीला टाके पडत होते. पुढे दर हळदीकुंकवाला वहिनी वाण देताना विचारायच्या, "लेक कशी हाय? दारंखिडक्या बघून लावत जा बाई." म्हणजे आता त्यांचा स्वतःचाही विश्वास बसला होता. दार! आमच्या घराला तेव्हा दार म्हणून पडदा होता.

मालकांनी तर तो हात कधी पाहिलाच नाही. तिला त्यांचं वाईट व्हायला नको होतं, पैसाही नको होता... खोटं कशाला, वाईट व्हायला हवंच होतं. पण त्याआधी तिला त्यांचं डोकं मागून धरून त्या हाताकडे वळवायचं होतं. बघा. मोजा. तीन आहेत.

चार दिवसांपूर्वी तपासणीचं कळलं, तेव्हापासून तिला भूक नव्हती. तिने तेजस्वीला सांगून ठेवलं होतं. उन्हाळ्याची सकाळची शाळा. सुटली की घरी न जाता थेट कारखान्यात यायचं.

"बाईंना हात दाखवायचा?"

"व्हय."

"खिशातनं भाईर काढून?"

"भाईर काढून. आन् सांगायचं कुठं सापडला ते."

तेजस्वीचा डावा हात कायम फ्रॉकच्या खिशात असतो. शाळेत, देवळात, फोटोतसुद्धा. तो खिसाच आधी फाटतो आणि वर्षाराणी तो दुहेरी टाक्याने शिवते. त्या चार दिवसांत पोरीने आरशासमोर सराव केला होता: हात खिशात, मग झटकन बाहेर, बोटं ताणून. पहिल्या दिवशी ती लाजली होती, काल मात्र तिने हनुवटी वर केली होती, आणि वर्षाराणीने तिची दृष्ट काढली होती.

"आक्का..." दारात शिवानी उभी होती, काजाच्या मशीनवरची, कडेला आठ महिन्यांची पोर. "जरा निजवू काय हिला हितं? सासू न्हाय आज. मशीनखाली फडकं टाकून ठेवली व्हती सकाळपास्नं..."

मशीनखाली. वर्षाराणीने पोर घेतली, पाळण्यात घातली. पोर रडेल असं वाटलं होतं; ती सशाकडे बघत राहिली, दोन झोके बसले न बसले तोच तिचे डोळे मिटले, आणि मुठी हळूहळू उलगडल्या. दोन्ही हातांची दहाच्या दहा बोटं. शिवानी पाळण्याच्या दोरीला धरून उभी होती. तिच्या पाठीवरचा ताण उतरलेला दिसत होता, इतका की ती एकाएकी बारकी पोरगी वाटली.

"उद्या बी असतंय न्हवं हे?" तिने विचारलं.

तेवढ्यात मालक आणि वहिनी आत आले, शिवानी पळाली, आणि मालक सशाकडे बघत वहिनींना म्हणाले, वर्षाराणी म्हणजे जणू खेळण्यांच्या रांगेतलंच एक असल्यासारखं तिच्यादेखत म्हणाले, "लईच ताणलं बाईनं, तर दंड भरून टाकायचा. आन् बायका कमी करायच्या. पन्नासच्या आत आलं की पाळणा बी नको आन् कटकट बी नको."

"व्हय की," वहिनी म्हणाल्या. त्यांनी पाळण्यातल्या पोरीकडे पाहिलं. "ही कुणाची? बरं झालं, खरी वाटती."

दंड भरेल आणि मोकळा होईल... हे तिच्या डोक्यात आलं नव्हतं. पाच वर्षं ती एकाच क्षणापर्यंत जाऊन थांबत होती: हात बाहेर येतो, बाईंचा चेहरा बदलतो, मालकांचा चेहरा उतरतो. पुढे? पुढे मालक खिशात हात घालतील, भरतील, आणि संध्याकाळी बदक दुकानात, पाळणा माळ्यावर, शिवानी घरी, नाहीतर तिची पोर मशीनखाली. मालकांचा चेहरा किती वेळ उतरलेला राहील? जेवणापर्यंत? तिला स्वतःच्याच सुडाची चीड आली. इतकी वर्षं शिजवला आणि ताटात पडणार घासभर.

बाई आल्या. साध्या, दमलेल्या, डोक्यावर पदर घेऊन उन्हातून आलेल्या. त्यांनी पाळणे पाहिले, पोरांना नावं विचारली, मालकांना म्हणाल्या, "तुम्ही जरा बाजूला थांबा." मालक दारापर्यंत गेले, पण दारातच थांबले. बाई स्टुलावर बसल्या आणि हळू आवाजात म्हणाल्या, "घाबरू नका. खरं असेल ते सांगा. हे आजच्यापुरतंच आहे का?"

आता. हीच ती वेळ. मालकांच्या पलीकडे तेजस्वी येऊन उभी राहिलेली तिला दिसली, पाठीवर दप्तर, डावा हात खिशात, उन्हाने लाल झालेला चेहरा. ती आईच्या खुणेची वाट बघत होती. आणि वर्षाराणीच्या तोंडून जे बाहेर पडलं ते तिने ठरवलेलं नव्हतं.

"न्हाय बाई. रोज असतंय. सकाळी आठला उघडतंय. किल्ली माझ्याकडंच असती."

बाई लिहू लागल्या. मालकांच्या खांद्यांवरचं ओझं उतरलं आणि तिला हसू फुटायला आलं. हसा मालक. तुमचं खोटं मी तुमच्याच गळ्यात बांधतेय, सुटणार नाही असं. "आया चार येळा येत्यात पोरांकडं. दूध बी मालकच देत्यात." दूध तिने तिथल्या तिथे वाढवलं, आणि मालकांच्या भुवया वर गेल्या. "माझं नाव लिवा की. कवा बी या, न सांगता या, मी हितंच असते." ती बोलत राहिली, एवढं ती या कारखान्यात कधी बोलली नव्हती, आणि शब्दागणिक तिला गोड लागत होतं; घासभर नाही, आता हे रोज, सकाळी आठला, त्यांच्या छातीवर बसून.

"छान," बाई म्हणाल्या. पेन थांबलं नव्हतं. "आणि एक. इथे कधी कुठल्या मुलाला इजा, अपघात? आधी कधी?"

हे तिने हिशेबात धरलं नव्हतं.

दारात तेजस्वीने ते ऐकलं. हाच तो प्रश्न, हे तिला कळलं. तिने हनुवटी वर केली, आणि तिचा हात खिशातून बाहेर आला, झटकन, सराव केल्यासारखा, तीन बोटं ताणून. बाईंची पाठ तिकडे होती. मालकांचं लक्ष बाईंच्या पेनकडे होतं. तो हात फक्त वर्षाराणीला दिसत होता. हो म्हटलं तर बाई खोदून विचारणार, मग दूध खोटं ठरणार, किल्ली खोटी, रोज खोटं... पाळण्यातली पोर झोपेत हसली.

"न्हाय," वर्षाराणी म्हणाली. "कदीच न्हाय."

हात थोडा वेळ तसाच राहिला. मग तो खिशात गेला.

बाई गेल्यावर मालक मोकळेपणाने हसले. "शाब्बास! जरा जास्तीच बोललीस, पर नाव राखलंस." त्यांनी किल्लीसाठी हात पुढे केला. वर्षाराणीने कुलपाची किल्ली कमरेच्या पिशवीत टाकली आणि पिशवीची नाडी ओढली.

"बाईंनी लिवून नेलंय मालक. न सांगता येणार हायत त्या. किल्ली माझ्याकडं असती."

ते हसत होते, मग हसायचे थांबले. वहिनी "अगं, खेळणी—" म्हणेपर्यंत तिने पहिली पिशवी फाडली होती. बदक. मग चेंडू, मग खुळखुळा, मग रंगीत रिंगा. टरटर, एकामागून एक, सावकाश. प्लास्टिकचा तो आवाज वहिनींनी ऐकावा म्हणून सावकाश. त्या पेपराच्या आवाजाइतका नाही, पण होता बरा. गल्लीतलं पोर ओरडलं, वाढदिवस, वाढदिवस! तिने बदक त्याच्या हातात दिलं आणि आता ते मोठ्याने ओरडलं. मालक बाहेर गेले. जिंकले मी, तिने मनात म्हणून पाहिलं. पुन्हा म्हणून पाहिलं.

सहाला सुटल्यावर ती आणि तेजस्वी इचलकरंजीच्या रस्त्याने घराकडे निघाल्या. दुपारभर पोरगी खोलीच्या कोपऱ्यात दप्तर मांडीवर घेऊन बसली होती, एकाही खेळण्याला तिने हात लावला नव्हता. मागांचा खडखडाट दोन्ही बाजूंच्या शेडमधून येत होता. वर्षाराणी तिला सांगत होती — उद्यापासून शिवानीची पोर पाळण्यात झोपणार, मागल्या बाजूच्या बायकाही पोरं आणतील, मालकांचं तोंड बघितलंस का कसं झालं — आणि सांगताना तिला आपलाच आवाज वहिनींसारखा ऐकू येत होता, समजूत घालणारा, वरचढ. तिने पोरीचा डावा हात धरायला हात पुढे केला. नेहमी ती उजवा धरते. तेजस्वीने हात खिशातून काढला नाही.

"आई."

"काय गं?"

"मग खरंच दारात सापडली व्हती काय माझी बोटं?"

वर्षाराणी थांबली. एक टेम्पो हॉर्न वाजवत बाजूने गेला, धूळ उडाली, बसली. तिला म्हणायचं होतं, नाही गं, तुला माहीत आहे, मी तुला कधी खोटं सांगितलं नाही... कमरेच्या पिशवीतली किल्ली तिने कापडावरूनच मुठीत धरली, दाते तळव्याला रुतेपर्यंत. तेजस्वी रडत नव्हती. ती मान वर करून आईकडे बघत होती, गप्प, डोळे न हलवता. ही नजर वर्षाराणीच्या ओळखीची होती. पाच वर्षं तिने ती मालकांच्या पाठीवर लावून धरली होती.