हाताला कळेल का

डॉक्टर नूरीननी माझा फोटो पडद्यावर घेतला आणि दोन्ही गालांवर एकेक ठिपका दिला. बघता बघता खड्डे भरले. पडद्यावरून एक बाई माझ्याकडे बघू लागली, कुणीतरी आत्ताच पोटभर जेवायला घातल्यासारखी. मला ती आवडली आणि तिचा थोडा रागही आला.

खरं तर दिसण्यावाचून माझं काही अडलं नव्हतं. गाल बसलेले असणं आमच्या घराण्यातच आहे, त्यात मी रोज सकाळी सांगलीत कृष्णेच्या काठाने पळते. माझा नवरा जयराज म्हणतो, शर्यतीत तुझे गालच तुला सोडून पुढे निघून गेले. त्याला थट्टा करायला काय जातं.

डॉक्टर समजावून सांगत होत्या. सुईने जेल भरता येतं, ते वर्ष-दीड वर्ष टिकतं. नाहीतर पोटाची किंवा मांडीची आपलीच चरबी काढून गालात घालायची. त्यातली काही जिरते, काही राहते. नाहीतर काहीच करू नका, दोन घास जास्त खा. "जेल भरलं तर सुरुवातीला गाल कुणाला दाबू द्यायचे नाहीत," त्या म्हणाल्या.

"नंतर हाताला कळेल का?" मी विचारलं.

त्यांनी पडद्यावरून माझ्याकडे मान वळवली. "सगळ्याजणी विचारतात, बघणाऱ्याला कळेल का."

"त्यांना दिसत नाही."

मग सांगावंच लागलं. माझे वडील हंबीरराव, आमचे आबा, फौजेतून सुभेदार होऊन परतले आणि पुढे काचबिंदूने त्यांची नजर गेली. आई आता नाही. ते कडेगावजवळ गावी माझ्या चुलतभावाच्या घरात राहतात. मी गेले की माझा चेहरा दोन्ही तळहातांत घेतात. अंगठे गालांच्या खड्ड्यांत येऊन थांबतात. "वाळलीस गं," म्हणतात. म्हणजे लेक सासरी सुखात नाही, आणि हे स्थळ बघितलं त्यांनीच. मी परत निघाले की त्यांची झोप उडते, असं चुलतभाऊ सांगतो. मी मजेत आहे, मी पळते म्हणून वाळले, हे सांगून माझं तोंड दुखलं. त्यांचा विश्वास अंगठ्यांवर, माझ्यावर नाही. म्हातारपणी माणसाला झोप तरी मिळावी की नको?

डॉक्टरांनी पडद्यावरचा फोटो बंद केला. "विचार करून या," एवढंच म्हणाल्या.

तिथूनच मी गावची एसटी धरली. उसाला तुरे आले होते. खिडकीबाहेर ते पांढरे, धूसर, मागे मागे जात राहिले आणि मला पेंग आली. अर्धवट झोपेत भरल्या गालांची ती बाई माझ्या शेजारी येऊन बसली. उतरलीही माझ्या आधी. ती पुढे चालत होती आणि धुळीत तिची पावलं उमटत नव्हती. अंगणात आबांनी तिचा चेहरा हातांत घेतला. अंगठे कुठेच बुडाले नाहीत. आबा हसले, बाजेवर आडवे झाले आणि लगेच झोपले. मी दारात उभी राहून हाका मारत होते. ते झोपेतच म्हणाले, "कोन हाय?" त्या बाईने तोंडावर बोट ठेवून मला गप्प केलं. गाडीचा गचका बसून जाग आली तेव्हा माझे डोळे ओले होते.

आबा सोप्यात बसले होते. माझी चाहूल लागली तसे हात पुढे आले. मी मागे सरकले.

"थांबा, आबा. मी गाल भरून घेनार हाय."

"कशानं?"

"सुईनं. आत औषद घालत्यात."

"जयराजनं सांगितलं?"

"न्हाई. तुमच्यासाठी. तुमी झोपत न्हाई म्हनून."

त्यांचे हात थोडा वेळ तसेच राहिले, मग मांडीवर आले.

"तुजी आई बी म्हनायची, लय सुखात हाय," ते म्हणाले. "मी सुट्टीवर आलो की दरवेळी थोडी वाळल्याली असायची. माजी आई तिला काय काय बोलायची, सगळ्या गावाला ठावं व्हतं. मी कवा इचारलं न्हाई. ती म्हनायची सुखात हाय, मी म्हनायचो बरं." त्यांनी तोंड माझ्याकडे वळवलं. "तवा मला डोळं व्हतं, संयोगिता."

मला रडू आलं आणि संतापही आला, आईसाठी. आईचंच वाक्य मी गालांत भरून घ्यायला निघाले होते. फरक एवढाच, की माझं खरं होतं.

"सांगलीला चला," मी म्हणाले. "माज्या घरात बसा. कान हायत की तुमाला."

"नातवंड झाल्याबिगर लेकीच्या घरचं पानी पीत न्हाईत."

जुन्या माणसांची ही रीत. तिच्यापायी लग्नानंतर ते एकदाही आले नव्हते. माझ्या संसाराचं त्यांच्या हाताला लागत होतं ते फक्त माझं तोंड.

"मग पिऊ नगा," मी चिडून म्हणाले. "तहानल्यालं ऱ्हावा. पर चला."

आले. पाण्याची बाटली पिशवीत घालून आले, हट्टी माणूस. दुसऱ्या दिवशी सकाळपासून स्वयंपाकघराच्या दाराशी खुर्ची टाकून बसले. मी पळून आले तशा माझ्या सासूबाई, बनाबाई, ओरडल्या, "आदी खा, मग काय ती अंगुळ कर." मी उलट बोलले. त्या म्हणाल्या, जीभ तेवढी वाळली न्हाई हिची. जयराजने चहा उतू घालवला आणि आम्ही दोघींनी मिळून त्याला धारेवर धरलं. आबा ऐकत होते. दुपारी ते खुर्चीतच झोपले, तोंड उघडं टाकून, घोरत. घरातले सगळे हळू बोलू लागले.

जागे झाले तेव्हा उन्हं कलली होती. मी समोर बसले आणि सवयीने चेहरा पुढे केला. त्यांचे हात आले नाहीत. त्यांनी मान स्वयंपाकघराकडे वळवली.

"इहीनबाई," आबा म्हणाले, "जरा पानी देता का?"